दोन शॅमेलिऑन एकाच पिंजऱ्यात असतील, तर त्यांना वेगळं कसं करायचं

"दोन शॅमेलिऑन (रंग बदलणारे सरडे) एकत्र राहतील का?" असं जे विचारतात, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ते दोघं एव्हाना एकाच पिंजऱ्यात बसलेले असतात. म्हणून उत्तर आधी देतो आणि मग पुढच्या कामाकडे वळतो.

नाही, राहणार नाहीत. यमन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड, मादागास्करचा पँथर, पूर्व आफ्रिकेतला जॅक्सन या नेहमी पाळल्या जाणाऱ्या जाती आहेत. यातले कोणतेही दोन मोठे प्राणी एका पिंजऱ्यात कायमचे ठेवायचे नाहीत. दोन नर नकोत, नर-मादीची जोडी नको, दोन माद्याही नकोत. एकाच वेळी अंड्यातून निघालेली भावंडं असली तरी नकोत. पिंजरा खूप मोठा आहे म्हणूनही नको.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण ते भांडत नाहीत." सगळी चूक इथेच होते. मीही ती केली आहे. माझ्याकडे व्हेल्डच्या दोन माद्या होत्या, बहिणी, पाच महिन्यांच्या. एक दिव्याखाली बसायची, दुसरी खाली पानांआड. मला वाटलं, हिचा स्वभावच बुजरा आहे. तीन आठवड्यांत पानांआडची मादी ५८ ग्रॅमवरून ४९ ग्रॅमवर आली. मी वजन लिहून ठेवत होतो म्हणून ते कळलं, नाहीतर डोळ्यांना काहीच दिसलं नसतं. दोघींच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. त्यांनी एकमेकींना एकदाही तोंड लावलं नव्हतं. वेगळी केल्यावर अकराव्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्यासमोर जीभ टाकून किडा खाल्ला.

शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. जागचं न हलता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. झाडावर दुसरा शॅमेलिऑन दिसला तर दोघांतला एक तिथून निघून जातो आणि विषय संपतो. पिंजऱ्यात निघून जायला जागाच नसते. मग दोघांतला दबलेला स्वतःला लपवतो. तो उबेच्या जागेवर येत नाही, त्यामुळे खाल्लेलं नीट पचत नाही. अतिनील प्रकाशात येत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम देऊनही हाडं मऊ पडतात. फवारा चालू असताना पुढे येऊन पाणी पीत नाही. सततच्या ताणाने प्रतिकारशक्ती खालावते आणि पोटात थोडेफार असलेले परजीवी वाढतात. काही महिन्यांनी तो मरतो, आणि मालक म्हणतो की अचानक गेला.

एकमेकांच्या अंगावर चढून बसणं हे प्रेम नव्हे. दिव्याखालच्या एकाच चांगल्या जागेसाठी ती ओढाताण असते.

पायरी १: आधी लपून पाहा

घाईने पिंजरा उघडू नका. (अंगावर चाव्याची जखम असेल, किंवा एखादा दिवसाढवळ्या डोळे मिटून बसला असेल, तर ही पायरी सोडा आणि त्याला लगेच बाहेर काढा. तात्पुरती सोय कशी करायची ते पायरी ३ मध्ये आहे.)

तुम्ही समोर उभे राहिलात की दोघंही तुमच्याकडे बघतात आणि एकमेकांशी कसे वागतात ते कळत नाही. म्हणून मोबाइल पिंजऱ्यासमोर ठेवून चित्रीकरण लावा आणि खोलीबाहेर जा. दिवा लागल्यानंतरचा पहिला तास, खाणं दिल्यानंतरचा अर्धा तास आणि फवाऱ्याची वेळ, या तीन वेळा चित्रित झाल्या तरी पुरे.

नंतर बघताना पुढच्या गोष्टी शोधा:

- सकाळी दिव्याखाली पहिला कोण येतो? रोज तोच येतो का?
- दुसरा जवळ आला की कोणी अंग बाजूने चपटं करतो का, गळा फुगवतो का, तोंड उघडतो का, जागच्या जागी पुढे-मागे झुलतो का?
- कोणाचा रंग दिवसभर गडद किंवा मळकट असतो?
- कोण फांदीच्या मागच्या बाजूला सरकून स्वतःला बारीक करून घेतो?
- कोण सारखा जाळीवर चढतो किंवा तळाशी फिरतो?

शेवटच्या खुणेकडे लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. "फिरायला आवडतं त्याला," म्हणतात. अंडी घालायला जागा शोधणारी मादी सोडली, तर निरोगी शॅमेलिऑनला तळाशी काहीच काम नसतं. तो बाहेर पडायची वाट शोधत असतो.

रंगाबद्दल एक सावधगिरी बाळगा. सकाळी अंग गरम करताना सगळेच शॅमेलिऑन काळपट होतात, कारण गडद अंग ऊब जास्त शोषतं. दुपारीही तसाच गडद राहिला तर चिंतेचं कारण आहे.

*तपासा:* दोघांचं वजन घेतलं का? ग्रॅममध्ये मोजणाऱ्या लहान काट्यावर एक जाड फांदी ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि प्राण्याला त्या फांदीवर चढू द्या. हातात घट्ट धरून वजन घ्यायला जाऊ नका. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच ठरणार आहे.

पायरी २: नर कोण, मादी कोण, ते नक्की करा

विकणाऱ्याने सांगितलं त्यावर विसंबू नका. व्हेल्डमध्ये हे सोपं आहे. मागच्या पावलाच्या टाचेवर बारीक काट्यासारखा उंचवटा असेल तर नर. तो अंड्यातून निघाल्यापासून असतो. पँथरमध्ये टाचेवर काही नसतं. तिथे शेपटीच्या बुडाशी आलेला फुगवटा पाहायचा, आणि तो काही महिन्यांचा झाल्याशिवाय नीट दिसत नाही. जॅक्सनच्या नराला तीन ठळक शिंगं असतात.

हे का करायचं? कारण नर-मादी एकत्र राहिले असतील, तर मादीच्या पोटात अंडी असू शकतात हे धरूनच पुढचं काम करायचं आहे. मिलन तुम्ही पाहिलं नसलं तरी. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे वेगळी केल्यानंतर एकदा अंडी घालून झाली तरी पुढच्या खेपेची अंडीही फळलेली निघू शकतात. व्हेल्ड मादी तर नर कधीच भेटला नसला तरी अंडी घालते, ती फळत नाहीत इतकंच.

पोटुशी व्हेल्ड मादी गडद हिरव्या-काळ्या अंगावर निळसर आणि पिवळे ठिपके दाखवते. पँथर मादी गडद तपकिरी किंवा काळी पडते आणि अंगावर नारिंगी खुणा उमटतात. नर जवळ आला की ती तोंड उघडून फिस्कारते. ती नकार देत असते, आणि एका पिंजऱ्यात तो नकार पाळला जात नाही. नर तिच्या मागे फिरतच राहतो. जोडी ठेवणाऱ्यांच्या माद्या लवकर मरण्याचं हे मोठं कारण आहे.

पायरी ३: दुसरा पिंजरा पूर्ण तयार करा, मगच प्राणी हलवा

क्रम इथेच चुकतो. लोक आधी प्राणी बाहेर काढतात आणि मग दिवा, फांद्या, झाडं यांची जुळवाजुळव करतात. एका ताणातून निघालेला प्राणी दुसऱ्यात पडतो.

पिंजरा किमान ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १२० उंच असावा. लहान चणीच्या मादीला ४५ × ४५ × ९० चालतो, पण जागा असेल तर मोठाच घ्या. शॅमेलिऑन उंचीवर निश्चिंत असतो, त्यामुळे पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा. वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर गेली पाहिजे.

आत या क्रमाने काम करा:

१. आडव्या फांद्या बांधा. जाडी वेगवेगळी ठेवा. पाऊल फांदीला वेढा घालू शकेल इतकी जाड एखादी तरी हवी. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या नकोत.

२. जिवंत झाडं लावा. मनीप्लांट, जास्वंद, शेफ्लेरा यांच्यातलं कोणतंही. पानं इतकी दाट हवीत की प्राण्याला मनात आलं तर तो पूर्ण दिसेनासा होईल.

३. ऊब देणारा दिवा जाळीच्या बाहेर, वरच्या बाजूला लावा. व्हेल्ड आणि पँथर नराला दिव्याखाली २९ ते ३२ अंश सेल्सिअस, माद्यांना २६ ते २८, जॅक्सनला २६-२७ च्या वर नाही. हे तापमान प्राण्याची पाठ जिथे येते तिथे मोजायचं.

४. ५ ते ६ टक्क्यांची लांब यूव्हीबी (अतिनील प्रकाश देणारी) ट्यूब लावा. वळसेदार छोटा बल्ब नको. ट्यूब आणि प्राण्याची पाठ यांत साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दिवे रोज १२ तास, रात्री पूर्ण काळोख.

५. पाण्याची सोय करा. शॅमेलिऑन वाटीतल्या साचलेल्या पाण्याला सहसा तोंड लावत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून फवारा, आणि जमलं तर थेंबथेंब पाणी सोडणारं भांडं. खाली पाणी साचू देऊ नका.

मग रिकामा पिंजरा पूर्ण २४ तास चालवून पाहा. दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहा. हा एक दिवस लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. पण दिवा जास्त जवळ असेल, तर डोक्यावरचा तुरा भाजल्यावर ते कळण्यापेक्षा थर्मामीटरवर कळलेलं बरं.

*इशारा:* जुन्याच पिंजऱ्यात मध्ये जाळी घालून दोन भाग करू नका. जाळीतून आरपार दिसतं. दोघं दिवसभर एकमेकांसमोर उभे राहतील आणि जागाही निम्मी होईल.

पिंजरा मिळायला वेळ लागणार असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर एक-दोन दिवसांसाठी अपारदर्शक मोठा प्लॅस्टिकचा डबा चालतो. वर जाळी, आत आडवी घट्ट बसवलेली फांदी, एक कुंडी, दिवसा फांदीच्या वर दिवा. डबा बंद असल्याने आत ऊब पटकन वाढते, म्हणून थर्मामीटर आत ठेवाच आणि डब्याचा अर्धा भाग दिव्यापासून लांब, गार राहू द्या.

पायरी ४: दिसणंही बंद करा

वेगळे करणं म्हणजे नजरेआड करणं. शेजारी-शेजारी दोन जाळीचे पिंजरे ठेवले तर तुम्ही फक्त चावण्याची भीती काढलीत, ताण तसाच राहिला.

सर्वात चांगलं म्हणजे वेगळी खोली. ते जमत नसेल तर दोन पिंजऱ्यांच्या मध्ये पूर्ण उंचीचा अपारदर्शक आडोसा हवा. जाड पुठ्ठा, फोमचा बोर्ड, पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा, काहीही चालेल. पातळ पडदा चालत नाही, कारण दिवा लागला की त्यावर पलीकडच्या प्राण्याची सावली हलते.

आता स्वतः तपासा. एका पिंजऱ्याच्या सर्वात वरच्या फांदीच्या पातळीला डोळे आणा आणि पलीकडे बघा. मग मधल्या फांदीवरून, मग पुढच्या कोपऱ्यातून. माणूस उभा राहून एकाच जागेवरून बघतो आणि म्हणतो की दिसत नाही. शॅमेलिऑन चार ठिकाणांहून बघणार आहे. हे करताना मला एकदा कळलं की माझ्या दोन पिंजऱ्यांमध्ये पुठ्ठा होता, पण समोरच्या कपाटाच्या काचेत दोघं एकमेकांना छान दिसत होते.

काच आणि आरसा वेगळेही त्रास देतात. काचेच्या पिंजऱ्यात बाहेर अंधार आणि आत उजेड असला की प्राण्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि त्याच्या लेखी तो दुसरा शॅमेलिऑन असतो. एकटा असूनही सारखा फुगून काचेकडे झेपावत असेल, तर बाहेरून कागद लावून पाहा.

*तपासा:* एकाला साफसफाईसाठी बाहेर काढलं की दुसऱ्याच्या समोरून नेता का? ती वाटही बदला.

पायरी ५: हलवण्याचा दिवस

कोणाला हलवायचं? माझं मत असं की जो वरचढ आहे त्याला नव्या पिंजऱ्यात न्या आणि दबलेल्याला जुन्या जागी ठेवा. त्याला पाणी कुठे टपकतं, पान कुठे दाट आहे हे ठाऊक असतं, आणि आता ती सगळी जागा त्याची होते. लोक नेमकं उलट करतात: अशक्त झालेल्यालाच अनोळखी जागी टाकतात.

वेळ सकाळची घ्या, दिवा लागून दोन तास झाल्यावर. तोवर अंग गरम झालेलं असतं आणि पाणी पिऊन झालेलं असतं. रात्री झोपलेल्या प्राण्याला उचलू नका.

पकडून ओढायचं नाही. शॅमेलिऑनची बोटं फांदीला चिमट्यासारखी धरून असतात, ओढलं तर नखं उपटली जातात, बोटं दुखावतात. हात किंवा सुटी फांदी त्याच्या छातीसमोर, किंचित वर धरा आणि मागून शेपटीला अगदी हलकेच बोट लावा. तो पुढे चढतो. चढायला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं थांबा. त्याहून सोपं म्हणजे तो बसलेली फांदीच सोडवून त्याच्यासकट नव्या पिंजऱ्यात नेऊन बांधणं. मी नेहमी असंच करतो.

नव्या पिंजऱ्यात सोडलं की दार लावा आणि निघून जा. फोटो दुसऱ्या आठवड्यात काढा.

पायरी ६: पहिले तीन आठवडे

पहिले दोन-तीन दिवस कोणी खाल्लं नाही तर घाबरू नका. वरचढ असलेलाही नव्या जागी बिचकतो. किडे मोकळे सोडून ठेवू नका, उंच कडांच्या वाटीत द्या. न खाल्लेले रातकिडे रात्री झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात. वाटी फांदीच्या उंचीवर टांगा, तळाशी ठेवू नका.

पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. दबलेला प्राणी बहुधा कित्येक दिवसांचा तहानलेला असतो. सकाळी दिवा लागायच्या आधी आणि संध्याकाळी मालवल्यावर फवारा लांबवा. विष्ठेतला पांढरा भाग बघा: पांढरा असेल तर ठीक, बराचसा नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय. डोळ्यांचे बाहेर आलेले फुगीर भाग आत गेले असतील तर पाण्याची कमतरता बरीच वाढली आहे.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच फांदीवर. रोज नको, रोजच्या हाताळणीचाही ताण असतो.

दोघांचीही ताजी विष्ठा सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे तपासायला द्या, दबलेल्याची एकट्याची नव्हे. ते एकत्र राहिले आहेत, एकाच्या पोटातले परजीवी दुसऱ्याकडे गेलेले असणार असंच धरा. अहवाल येईपर्यंत चिमटे, वाट्या, फवाऱ्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. एका पिंजऱ्यात उरलेले किडे दुसऱ्याला देऊ नका. एकाचं काम करून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवा, आणि सगळं संपल्यावर स्वतःसाठी पुन्हा धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो.

पुढचं काहीही दिसलं तर वाट बघू नका, पशुवैद्य गाठा:

- वजन पहिल्या आकड्याच्या एक दशांशाने घटलं
- दिवसा डोळे मिटलेले
- पाय वाकडे दिसतात, चढताना थरथरतात, जबडा मऊ लागतो
- तोंडाच्या कडेला पिवळट पू, किंवा चाव्याच्या जागी गाठ
- जीभ अर्धीच बाहेर येते किंवा नेम चुकतो

चाव्याच्या जखमेवर घरातलं मलम लावून मोकळे होऊ नका. वरून खपली धरते आणि आत पू साठतो.

पायरी ७: मादी असेल तर अंड्यांची पेटी

ही पायरी ऐच्छिक नाही. व्हेल्ड आणि पँथरच्या प्रत्येक मोठ्या मादीसाठी पेटी हवी. (जॅक्सन पिल्लांनाच जन्म देते, तिला पेटी लागत नाही.)

साधारण ३० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, आणि आत किमान ३० सेंटिमीटर खोल माती-वाळूचं मिश्रण. ओलावा किती? मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण पाणी गळू नये. मग त्यात बोटाने आडवं-तिरकं बीळ करून पाहा. बीळ ढासळलं तर मिश्रण बदला. मादी आत पूर्ण शिरून खणते, माती तिच्या अंगावर कोसळता कामा नये.

मिलनानंतर व्हेल्ड मादी बहुधा २० ते ३० दिवसांत अंडी घालते. ती तळाशी फिरू लागली, खाणं कमी केलं, की पिंजऱ्याचा खालचा भाग बाहेरून कापडाने झाका आणि तिला एकटी सोडा. खणताना कोणी बघतंय असं वाटलं तर ती बीळ अर्धवट सोडते. दोन-तीनदा असं झालं की अंडी आत अडकण्याचा धोका उभा राहतो. खणून खणून दमली, अंडी घातली नाहीत आणि आता डोळे मिटून तळाशी पडली आहे, अशी वेळ आली तर तासांचा प्रश्न असतो. त्याच दिवशी पशुवैद्य.

भरपूर खायला घातलं आणि खूप ऊब दिली की व्हेल्ड मादी जास्त अंडी धरते. एका खेपेला साठ-सत्तरसुद्धा. तिच्या शरीरातलं कॅल्शियम त्यात खर्च होतं. म्हणून वाढ पूर्ण झालेल्या मादीला दिवसाआड किंवा दोन दिवसांआड खाणं पुरे आणि दिव्याखाली २७ अंशांच्या आसपास.

तीन अपवाद, आणि त्यांच्या मर्यादा

*पिल्लं.* अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं काही आठवडे एकत्र वाढवता येतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकट्याने वाढवलेली व्हेल्ड पिल्लं गटात वाढलेल्यांपेक्षा पुढे जास्त दबकी आणि गडद रंगाची निघाली. हा अभ्यास दाखवून मोठे प्राणी एकत्र ठेवण्याचं समर्थन केलं जातं, ते चुकीचं आहे. तो लहानपणाबद्दल आहे. पिल्लांचे गट लहान ठेवा, भरपूर झाडं द्या, खाणं तीन-चार ठिकाणी द्या, आणि दर आठवड्याला आकारानुसार वाटून घ्या. मोठं पिल्लू लहानाच्या शेपटीच्या टोकावर किंवा बोटावर किडा समजून जीभ टाकतं. एखाद्याच्या शेपटीचं टोक काळं पडलेलं दिसलं की समजा वेळ झाली. दोन महिन्यांच्या सुमारास प्रत्येकाचा पिंजरा वेगळा करा, तीन महिन्यांच्या पुढे तर कोणत्याही कारणाने ताणू नका.

*पालापाचोळ्यात राहणारे बुटके शॅमेलिऑन.* बोटाएवढ्या या जाती झाडं लावलेल्या काचेच्या पेटीत एक नर आणि एक-दोन माद्या अशा ठेवल्या जातात आणि ते बहुतेकदा निभतं. दोन नर इथेही नकोत. आणि यांचा दाखला देऊन व्हेल्ड एकत्र ठेवू नका, दोघांचं राहणीमान वेगळं आहे.

*मिलन.* पिल्लं हवीच असतील, त्यांची जबाबदारी घेणारे लोक आधी ठरलेले असतील, आणि मादी किमान वर्षाची, धडधाकट असेल, तरच. आधी दुरून दाखवा. मादी शांत, फिक्या रंगात राहिली तर तिला नराच्या पिंजऱ्यात सोडा आणि समोर बसून राहा. गडद झाली, तोंड उघडलं, झुलू लागली की लगेच बाहेर. जमलं तरी काम झाल्यावर, फार तर एका दिवसात, बाहेर. "राहू दे दोन-चार दिवस" हे वाक्य मनातून काढा.

आणि वेगळ्या जातींना एकत्र ठेवणं हा अपवाद नाही. व्हेल्ड आणि जॅक्सन एकत्र ठेवले तर एकाला हवी ती ऊब दुसऱ्याला भाजते. मोठा शॅमेलिऑन लहान सरडा, पाल, गेको गिळू शकतो. एका जातीला न बाधणारा परजीवी दुसरीला आजारी पाडू शकतो.

दुसऱ्या पिंजऱ्याची सोय होत नसेल तर

मग दोघांतला एकच तुमच्याकडे राहील, हे मान्य करा आणि दुसऱ्याला चांगलं घर शोधा. तुमच्या भागात हा प्राणी पाळायला, कोणाला द्यायला कायद्याची परवानगी आहे का, ते आधी बघा. बाहेर झाडावर मात्र सोडू नका. हवाईमध्ये १९७२ च्या सुमारास मोकळे झालेले जॅक्सन शॅमेलिऑन तिथल्या रानात वाढत गेले, आणि तिथल्याच असलेल्या गोगलगायी आणि किडे आज ते खातात. थंडी असलेल्या ठिकाणी सोडलेला प्राणी थोड्याच दिवसांत मरतो.

देताना नुसता प्राणी देऊ नका. वजनांचा कागद, विष्ठेचा अहवाल, कोणता किडा खातो, कॅल्शियम कधी देता, मादी असेल तर शेवटची अंडी कोणत्या तारखेला घातली आणि ती कधी नराबरोबर होती, हे सगळं लिहून द्या. नव्या घरी आधीच एखादा शॅमेलिऑन असेल तर याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवतील का, ते विचारा. उत्तर देताना ते अडखळले, तर दुसरं घर शोधा. आणि तो रोज झोपायचा ती फांदी सोबत द्या. नव्या पिंजऱ्यात पहिल्या रात्री तो तिच्यावरच जाऊन बसेल.